पेशी जिवंत राहिल्या

पेशी मेल्या नाहीत याचा फरहाला राग आला होता. असला राग ऐकणाऱ्याला वेडेपणाचाच वाटेल. काहीतरी जगलं म्हणून कुणी दात खात बसतं का? पण वाशिमच्या एका कॉलेजातल्या मागच्या खोलीत फरहा मन्सुरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, आणि जितक्या पेशी तिला ठणठणीत दिसत होत्या तितकं तिचं डोकं तापत होतं.

त्या पेशी माणसाच्या फुप्फुसातल्या. फार पूर्वी कुणा एका माणसाच्या शरीरातून काढलेल्या आणि तेव्हापासून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत वाढवत, वाटत आणलेल्या. फरहाने त्या बर्फात घालून पुण्याहून आणल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांचं सगळं तीच करत होती. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, त्यांचं गुलाबी रंगाचं पातळ खाणं वेळच्या वेळी बदलावं लागतं, आणि बुरशीचा एक कण आत शिरला तर महिन्याची मेहनत पाण्यात जाते. वीज गेली की ही बया धावत खोलीत. ईदच्या दिवशीसुद्धा शिरखुर्म्याची वाटी अर्धी टाकून ती पेशींना खाऊ घालायला गेली, तेव्हा तिची आई सकीना म्हणाली होती की एवढी सेवा एखाद्या सासूची केली असतीस तर सासू तुला डोक्यावर घेऊन नाचली असती.

तर त्या पेशींवर फरहाने पांढरीच्या तांड्यातली धूळ घातली होती. एक दिवस आणि एक रात्र धुळीत ठेवून वरून निळा रंग सोडला. ही परीक्षा सोपी असते. मेलेली पेशी रंगाला अडवू शकत नाही, रंग आत शिरतो आणि ती निळी दिसते. जिवंत पेशी रंगाला उंबऱ्यावरच थांबवते. फरहाने एक काच पाहिली, दुसरी पाहिली, सगळ्या पाहिल्या. निळं म्हणावं असं फारसं काही नव्हतंच. जणू तांड्याची हवा नव्हे, महाबळेश्वरची हवा त्यांना चाखायला दिली होती.

पांढरीचा तांडा मानोरा तालुक्यात आहे, आणि त्याच्या डोक्यावर सतीशशेठची गिट्टी खदान आहे. काळा दगड फोडायचा, क्रशरमध्ये दळायचा आणि डंपर भरभरून रस्त्यांच्या कामावर पाठवायचा, हा शेठचा धंदा. तांड्यात बाजरीच्या पिठात कचकच लागते, वाळत घातलेलं कापड सायंकाळी झटकलं तर झटकणारी बाई खोकत आत जाते. आता शेठला दुसरं क्रशर बसवायचं होतं, तेही तांड्याच्या पाठीला पाठ लावून. त्यासाठी मानोऱ्याला जनसुनावणी ठरली होती. आणि ती ठरली कधी, तर तांड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली असताना. बोलणारे, भांडणारे, धडधाकट गडी सगळे पश्चिमेकडच्या कारखान्यांवर, आणि मागे म्हातारी माणसं, आजारी बाया आणि कुलपं. तारीख ठरवणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं ज्याला म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं.

तांड्याचे नाईक हेमसिंग स्वतः कॉलेजात आले होते. फरहाला म्हणाले होते, "आमी खोकलतो ते कोनी मानत नाई, बाई. म्हनते बिड्या पेता म्हनून खोकलता. आता बाया का बिड्या पेतात? तुमी तुमच्या काचीत दाखवा, मंग मानतीन."

म्हणून तिने हवा ओढणारं लहानसं यंत्र तांड्यात नेऊन ठेवलं होतं. ते दिवसभर हवा ओढतं आणि हवेतली धूळ आतल्या पांढऱ्या फिल्टरवर अडकते. क्रशरच्या सगळ्यात जवळचं घर प्रयागबाई राठोडचं, म्हणून तिच्या ओसरीत ते ठेवलं. प्रयागबाईचा मुलगा गोपाल ऊसतोडीला गेलेला, घरात ती आणि तिची सून सुचिता. सुचिताला दम्याचा त्रास, म्हणून ती नवऱ्यासोबत गेली नव्हती. निघताना फरहाने प्रयागबाईचा हात धरून सांगितलं होतं की मावशी, तांड्याचं सगळं भवितव्य या मशीनवर आहे, हिला जिवापाड सांभाळा.

आता त्याच मशीनचा फिल्टर म्हणत होता की काही बिघडलेलं नाही.

फरहाचे मार्गदर्शक डॉ. राजपाल गावंडे हे ऐकून खूष झाले. पेढा तोंडात पडावा तसा त्यांचा चेहरा झाला. दुसऱ्या दिवशी फरहा त्यांना म्हणाली की फिल्टर तिला जास्तच पांढरा वाटला, काहीतरी चुकलंय, पुन्हा नमुना घेऊन पुन्हा प्रयोग करते. सर म्हणाले, गरज नाही. तिने विचारलं, गरज कशी नाही, एकदा केलेल्या प्रयोगाला प्रयोग म्हणत नाहीत हे तुम्हीच शिकवलं ना? तेव्हा सरांनी चष्मा पुसायला घेतला. निकाल त्यांनी कालच सतीशशेठला दिला होता. सुनावणीसाठी शेठला शास्त्रीय सल्लागार हवा होता आणि ते काम सरांनी घेतलं होतं. कधी घेतलं, कशासाठी घेतलं, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

फरहाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. शहराच्या कडेच्या एका डाळ मिलची धूळ तिने पेशींवर घातली होती आणि पेशी पटापट मेल्या होत्या. तेव्हा याच सरांनी तिला समजावलं होतं की पेशी म्हणजे माणूस नव्हे, माणसाला नाक असतं, कफ असतो, रोगाशी लढणारं रक्त असतं, काचेतलं मरण माणसाला लावायची घाई करू नये. बरोबरच होतं ते. शब्द अन् शब्द बरोबर होता. मग आता काचेतलं जगणं माणसाला लावायची घाई कशी चालते? पेशी मेल्या की त्या माणूस नसतात आणि जगल्या की लगेच अख्खा तांडा होतात, हे कुठलं शास्त्र? हे तिने सरांना तोंडावर विचारलं. सर म्हणाले, तू थकली आहेस, दोन दिवस घरी राहा.

ती घरी राहिली नाही. मानोऱ्याच्या एसटीत बसली, फाट्यावर उतरली आणि उन्हातून चालत तांड्यावर गेली. रस्त्याने दोन डंपर तिला पांढरं करून गेले.

प्रयागबाईने तिला पाहताच पदर सावरला, पाणी दिलं, चहा टाकला. मशीन ओसरीत तिथेच होतं, आणि कसं होतं? लखलखीत. बाकी ओसरीवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ, आणि मशीन नुकतंच दुकानातून आणल्यासारखं. फरहाने विचारलं, मावशी, हे पुसलं का? प्रयागबाई कौतुकाने म्हणाली की पुसायची वेळच येऊ दिली नाही. आणि तिने दाखवलं. जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी, पाण्यात भिजवलेली, मशीनच्या तोंडावर घट्ट गुंडाळायची. क्रशर सुरू झालं की घालायची, वाळली की पुन्हा भिजवायची. फरहा फिल्टर न्यायला आली त्या दिवशी तेवढी काढून ठेवली होती. तांड्यात सगळं झाकूनच ठेवतात. पाण्याचा हंडा, पिठाची परात, पाळण्यातलं लेकरू. क्रशर आल्यापासून झाकणं हीच तांड्याची रीत झाली आहे. पाहुण्याची वस्तू घरात आली तर ती आपल्या वस्तूंच्याही आधी झाकायची, नाहीतर घराची अब्रू काय राहिली?

फरहा ओरडली. तिला पुढे याची फार लाज वाटली, पण त्या क्षणी ती त्या म्हातारीवर ओरडली. काय करून ठेवलं हे, मावशी, हवा ओढायची मशीन कोणी झाकतं का, धूळच पकडायला आणली होती ना ती. तांड्याच्या गळ्यावर आपल्याच हाताने सुरी फिरवली तुमी, असंही म्हणाली.

प्रयागबाई घाबरली नाही. ती चुलीपुढून उठून फरहासमोर येऊन उभी राहिली.

"तुमीच तं सांगतलं व्हतं जिवापाड सांभाळा म्हनून," ती म्हणाली. "मंग आमी दुसरं काय करू? आमाले काय सांगतलं तुमी, हे मशीन धूळ खाते का थुकते? तुमाले सांगाले पाह्यजे व्हतं. माह्या घरात भिजलेला कपडा एकच. तो सुचिताच्या दारावर राह्यते, तिले दम लागते म्हनून. तुमची मशीन आली तं म्या तो तिच्या दारावरून काढला अन् मशीनले गुंडाळला. सून म्हने, द्या मायबाई, तांड्याचं काम हाये. अन् ती पडली ना. मानोऱ्याच्या दवाखान्यात नेली, नाकाले नळी लावली. काल आनली. जा, पाहा आत."

फरहा आत गेली. सुचिता खाटेवर बसून होती, आडवी होऊ शकत नव्हती. छातीत शिट्टी वाजत होती. तिने फरहाला हाताने बस म्हणून खूण केली आणि हसायचा प्रयत्न केला. तिचं वय पंचविशीच्याही अलीकडचं असेल. मशीन कसं आहे, असं तिने विचारलं.

ओरडायला आता कोणी उरलं नव्हतं. फरहा खाटेच्या कडेला बसली आणि तिने मनातल्या मनात स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की त्यांतली एकही तिने आयुष्यात कधी तोंडाने उच्चारली नव्हती. इतकी शिकलेली बाई, आणि मशीनचं एका वाक्याचं काम प्रयागबाईला समजावून सांगायचं तिला सुचलं नव्हतं. सांभाळा म्हणाली आणि निघून आली. तांड्यातल्या बायकांना काय कळणार, असं कुठेतरी तिलाही वाटलं होतं, आणि सरांना वाटतं त्यापेक्षा हे फार वेगळं नव्हतं. मग तिने उठून तो लुगड्याचा तुकडा भिजवला आणि सुचिताच्या दारावर लावला.

त्यानंतर ती तांड्यावरच राहिली. नवा फिल्टर घातला, मशीन उघडं ठेवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी बसून राहिली. प्रयागबाई येता-जाता मशीनकडे पाहून हळहळत होती, पण हात लावत नव्हती. फिल्टर काढला तेव्हा तो राखाडी झाला होता. फरहाचं नाक, कान, भुवया सगळं त्याच रंगाचं झालं होतं आणि तिला बोलताना ठसका लागत होता.

या वेळी पेशी मेल्या. चपट्या, एकमेकींना चिकटून पसरलेल्या पेशी आधी गोल झाल्या, मग तळ सोडून त्या गुलाबी पाण्यात तरंगायला लागल्या. निळा रंग सोडल्यावर तर बघवत नव्हतं. फरहाने पुन्हा केलं, आणखी एकदा केलं, पुन्हा तेच. पहिल्यांदा मेलेल्या पेशी पाहून तिला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचा तिला संताप आला. म्हणजे काय, तांड्याची माणसं आतून कुजत आहेत हे सिद्ध झालं म्हणून आपण खुर्चीतून उडी मारणार? पण काय करणार, हातात तेवढंच होतं.

ती सगळं घेऊन सरांकडे गेली. कापडाची गोष्टही सांगितली, सुचिताचीही सांगितली. वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. सर लक्ष देऊन ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे चमकायला लागले.

सर म्हणाले, अगं, मग हे तर सोनं आहे. एकच जागा, एकच हवा, एकदा ओल्या कापडातून आणि एकदा कापडाविना. कापड असलं की पेशी वाचतात, नसलं की मरतात. गरिबातल्या गरिबाला परवडणारा उपाय, आणि तोही पेशींवर सिद्ध झालेला. परदेशातली मासिकं हातोहात छापतील. तुझी पीएचडी, जी इतकी वर्षं रखडली आहे, ती या एका निबंधावर होऊन जाईल. सतीशशेठशीही त्यांचं तिथल्या तिथे फोनवर बोलणं झालं. शेठ तर माणूसच दिलदार. तांड्यात घरटी कापड वाटायला एका पायावर तयार. सुनावणीत तसं लिहून देणार. फरहाने तिथे उभं राहून एवढंच सांगायचं की कापडाने पेशी वाचल्या. आणि हे खोटं आहे का? सरांनी विचारलं. तूच सांग, यात एक शब्द तरी खोटा आहे का?

नव्हता. तीच तर खरी चीड आणणारी गोष्ट होती. एकही शब्द खोटा नव्हता आणि सगळं मिळून धडधडीत लबाडी होती.

घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं. शफीकभाई मन्सुरी वाशिमचे जुने गादीवाले. उभा जन्म कापूस पिंजला, गाद्या शिवल्या, आणि आता दोन जिने चढले की भिंत धरून उभे राहतात. शास्त्र त्यांना कळत नव्हतं, पण कापड कळत होतं. ते म्हणाले की पिंजायला बसताना नाकाला कपडा त्यांनीही रोज बांधला होता, त्यांच्या अब्बांनीही बांधला होता. गिऱ्हाईक आलं की बोलायला काढावा लागतो. पाणी प्यायला काढावा लागतो. उन्हाळ्यात गुदमरून काढावा लागतो. कपड्याने कापूस थांबत असता तर मी असा बसलो असतो का, असं त्यांनी मुलीला विचारलं.

सुनावणीचा मांडव मानोऱ्याला होता, तांड्यापासून दूर. पुढच्या खुर्च्यांवर शेठच्या डंपरचे ड्रायव्हर, क्रशरचे मजूर आणि पुढारी. मागे सतरंजीवर तांड्याच्या बाया आणि म्हातारे, टेम्पोत कोंबून आलेले. मांडवाच्या मागे मसालेभाताची कढई चढलेली. बाजूला मोठा फलक होता आणि त्यावर शेठचा हात जोडलेला फोटो. टेबलामागे अधिकारी, आणि त्यांच्या शेजारी कार्यवृत्त लिहिणारा कारकून.

राजपाल सर छान बोलले. त्यांनी पडद्यावर दोन चित्रं दाखवली, एकात जिवंत पेशी, दुसऱ्यात निळ्या. कापडासह आणि कापडाविना. मग शेठने उठून जाहीर केलं की तांड्यातल्या प्रत्येक घराला दरवर्षी नवं सुती कापड त्यांच्याकडून. पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. हेमसिंग नाईक उठून म्हणाले की उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं, कपडा कशाने भिजवायचा? शेठ म्हणाला, टँकर देतो. नाईक म्हणाले, माणूस दिवसभर तोंडाला फडकं बांधून जगेल कसा? शेठ म्हणाला, शास्त्रज्ञ बसलेत इथे, त्यांना विचारा. त्याच्याजवळ सगळ्याचं उत्तर तयार होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं की प्रयोग प्रत्यक्ष कुणी केला. सरांनी फरहाकडे हात केला. ती माईकपाशी गेली.

"कापडाखाली पेशी जिवंत राहिल्या, हे खरं आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"हो," फरहा म्हणाली. "खरं आहे."

टाळ्या पडल्या. सरांनी समाधानाने मान हलवली. कारकून लिहू लागला. फरहा टाळ्या थांबेपर्यंत माईक धरून उभी राहिली.

"आता पुढचंही लिहा," ती म्हणाली. "सरांनी दोन चित्रं दाखवली, पण प्रयोग तीन झाले आहेत. मशीनवर घातलेला तो कपडा सुचिता गोपाल राठोड हिच्या दारावरचा होता. मी सांभाळा म्हणाले म्हणून तो काढून मशीनला गुंडाळला. त्या दिवसांत मशीनने गाळलेली हवा घेतली आणि हिने गाळलेली नाही ती घेतली. माझ्या पेशी वाचल्या आणि हिला दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला. तिसरा प्रयोग माणसावर झाला, आणि तो माझ्या हातून झाला. त्याचं चित्र सर दाखवणार नाहीत. माझे वडील जन्मभर नाकाला कपडा बांधून कापूस पिंजत होते, आज त्यांना जिना चढवत नाही. कपडा वाटून खदान चालवायची असेल तर चालवा, पण माझ्या पेशींचं नाव त्यात घेऊ नका."

सर उठले होते. माईकपासून लांब, पण फरहाला ऐकू जाईल इतक्या आवाजात ते म्हणाले की तुझा गाईड अजून मीच आहे, हे विसरू नकोस. फरहा विसरली नव्हती. पीएचडी हातची गेली हे तिला माईकपाशी येण्याआधीच कळून चुकलं होतं.

अधिकारी म्हणाले की ऐकीव गोष्टी कार्यवृत्तात घेता येत नाहीत, संबंधित महिला हजर असेल तर तिने स्वतः सांगावं. सुचिता हजर होती. प्रयागबाईने तिला हाताला धरून पुढे आणलं.

"माहं नाव सुचिता गोपाल राठोड," ती म्हणाली. "रातच्याले..."

तिथेच दम लागला. टेम्पोतल्या धुळीने, चालण्याने, घाबरण्याने, कशानेही असेल. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी नुसती शिट्टी आली. माईकने ती शिट्टी मांडवाच्या चारही कर्ण्यांतून बाहेर फेकली. श्वास आत ओढायचा तो आवाज, मग अडकायचा, मग पुन्हा. पुढच्या खुर्च्यांवरचे ड्रायव्हर खाली पाहू लागले. आवाज सांभाळणाऱ्या माणसाने बटण फिरवून तो कमी केला. सुचिताने किती वेळ प्रयत्न केला कोण जाणे, शेवटी मान हलवली आणि ती खाली बसली. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि सुनावणी संपल्याचं सांगितलं.

कार्यवृत्त शेवटी लोकांना वाचून दाखवायचं असतं. तसा नियम आहे. कारकुनाने ते घाईघाईने वाचलं, कारण मसालेभाताचा वास मांडवभर झाला होता. त्यात शेठच्या कापडाबद्दल आणि टँकरबद्दल सविस्तर होतं. मग त्याने वाचलं की संशोधक फरहा मन्सुरी यांनी कापडामुळे पेशी जिवंत राहिल्याचे मान्य केले. आणि सौ. सुचिता गोपाल राठोड यांनी ध्वनिक्षेपकासमोर येऊन आपले नाव सांगितले, अन्य काही म्हणणे मांडले नाही.

फरहा उठली. ती सरळ टेबलापाशी गेली आणि तिने कारकुनाला विचारलं की ही बाई इतका वेळ माईकसमोर उभी होती, तुम्ही काय ऐकलं?

कारकून बिचारा गोंधळला. अधिकाऱ्यांकडे पाहत म्हणाला, "शब्द काही आले नाहीत, मॅडम. नुसता श्वास होता. श्वास लिहायची पद्धत नाही."

आवाजवाला माईक गुंडाळायला आला होता. फरहाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. इतका वेळ ती अधिकाऱ्यांशी पुस्तकातलं मराठी बोलत होती. आता तिच्या तोंडून घरचं आलं.

"मंग आजपासून पाडा पद्धत," ती म्हणाली. "हिले आपलं म्हननं सांगाचं हाये. दम लागन तं लागन, आमी बसून राह्यलो. ती एकेक शब्द काढन अन् तुमी एकेक लिवान, अन् मधात जो आवाज येईन तोही लिवान. तोवर या कागदावर कोनाची सही होनार नाई, अन् कोनी जेवाले उठनार नाई."

हेमसिंग नाईक येऊन टेबलासमोर मांडी घालून बसले. त्यांच्यामागे तांड्याच्या बाया सतरंजी सोडून पुढे आल्या आणि टेबल, शेठ आणि कढईकडे जायची वाट यांच्या मधोमध बसल्या. शेठ काहीतरी बोलला, ते कोणी ऐकलं नाही. सर केव्हाच गाडीकडे निघून गेले होते. प्रयागबाईने पुढच्या रांगेतल्या एका ड्रायव्हरला उठवलं, त्याची खुर्ची ओढून माईकपाशी आणली आणि सुनेला तीत बसवलं. आवाज कमी करणाऱ्या माणसाकडे फरहाने नुसतं पाहिलं, तेव्हा त्याने बटण पुन्हा होतं तिथे फिरवलं.

सुचिताने माईक दोन्ही हातांनी धरला. एक श्वास घेतला, तो अर्ध्यात अडकला, पुन्हा घेतला. अख्खा मांडव तो ऐकत होता.

"रातच्याले," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने पेनाचं टोपण काढलं.